शिकागो विद्यापीठाचे ऑनलाइन मराठी शब्दकोश : न जाणण्याच्या शब्दांवर घेतलेली पारख

शब्दकोशाची परीक्षा घ्यायची म्हटली की आपण एखादा दुर्मीळ शब्द काढतो आणि तो कोशात सापडतो का ते पाहतो. त्यातून कोश किती मोठा आहे हे समजते, पण तो किती बारकाईने केलेला आहे हे समजत नाही. त्यासाठी रोजच्या वापरातले, आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत टाकतो असे शब्द घ्यावेत आणि त्यांच्यातला भेद कोश दाखवतो का ते तपासावे. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने आंतरजालावर मोफत उपलब्ध करून दिलेल्या मराठी शब्दकोशांविषयी लिहिताना मी म्हणूनच एकच शब्दकूळ निवडले आहे, ते म्हणजे न जाणण्याचे. अज्ञान, अजाण, नेणता, अडाणी, अनभिज्ञ, निरक्षर, अशिक्षित, मूढ, नादान, गाफील, ढ, पढतमूर्ख हे शब्द आपण बोलताना आणि लिहितानाही सरमिसळ करून वापरतो. त्या सरमिसळीत भाषेचे नुकसान होतेच, शिवाय ज्याच्याविषयी बोलतो त्या माणसावर अन्याय होतो. सही करता न येणाऱ्या शेतकऱ्याला अज्ञानी म्हणणे आणि पदवी घेतलेल्या माणसाला केवळ पदवी आहे म्हणून जाणकार म्हणणे, या दोन्ही चुका शब्दाच्या ढिसाळ निवडीतून होतात.

प्रथम सेवेविषयी. या संकेतस्थळावर मराठीचे पाच कोश आहेत. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश, यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ पासून १९५० पर्यंत निघालेला आठ खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश, मॅक्सीन बर्नसन यांचा १९८२-८३ चा पायाभूत कोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश. त्यांचा वापर करायला पैसे पडत नाहीत आणि नाव नोंदवावे लागत नाही. शब्द देवनागरीत टाकता येतो तसाच रोमन लिपीतही टाकता येतो, आणि शोध केवळ मुख्य शब्दांपुरता ठेवायचा की नोंदींच्या संपूर्ण मजकुरात घ्यायचा हे आपल्याला ठरवता येते. नोंदीसोबत मूळ ग्रंथाचा पृष्ठक्रमांक येतो, त्यामुळे संदर्भ देणाऱ्याची आणि मुद्रितशोधन करणाऱ्याची मोठी सोय होते.

सुरुवात ‘नेणणे’ या क्रियापदापासून करावी, कारण या कुळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द तोच आहे. ‘न’ आणि ‘जाणणे’ मिळून तो झाला. न जाणण्याला स्वतंत्र क्रियापद असणे ही लहान गोष्ट नव्हे. नेणे, नेणो, नेणता, नेणते, नेणतेपण, नेणीव असा त्याचा सारा गोतावळा जुन्या मराठीत ठायी ठायी भेटतो. हरिपाठ म्हणणाऱ्या कोणत्याही वारकऱ्याला ‘जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं’ हा चरण पाठ असतो. तिथे नेणीव हा दोष नाही. जाणिवेच्या शेजारी, तिच्याच बरोबरीने ती उभी आहे आणि देवाच्या ठिकाणी दोन्ही सारख्याच गैरलागू आहेत. ‘नेणते लेकरू’ म्हणताना आवाजात माया असते. नेणता म्हणजे ज्याला अजून कळलेले नाही तो, मग ते वयामुळे असो वा भोळेपणामुळे. आजच्या बोलण्यातून क्रियापद मागे पडले, तरी मानसशास्त्राच्या मराठी लेखनात ‘नेणीव’ हा शब्द मनाच्या जाणिवेपलीकडच्या थरासाठी रूढ झाला. शेकडो वर्षांपूर्वीचा भक्तिपर शब्द विसाव्या शतकातल्या शास्त्राला इतका चपखल बसावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या शब्दासाठी पाचांपैकी दोन कोश एकत्र उघडावेत. तुळपुळे-फेल्डहाउस यांच्या कोशाची मदार शिलालेख, महानुभाव गद्य आणि ज्ञानेश्वरी यांच्या काळातल्या मराठीवर आहे, त्यामुळे नेणणे त्याच्या मूळ घरात कसे वावरत होते हे तिथे पाहावे. मग दाते-कर्व्यांकडे यावे. महाराष्ट्र शब्दकोशाचे वैभव त्याच्या अवतरणांत आहे. ज्ञा, दा, तुगा, एभा अशा आखूड खुणांनी ज्ञानेश्वरी, दासबोध, तुकारामगाथा, एकनाथी भागवत यांतला नेमका ठिकाणा दिलेला असतो, आणि एकच शब्द निरनिराळ्या शतकांत कोणत्या वाक्यात कसा बसला हे वाचता वाचता त्याचा अर्थ आपोआप उलगडत जातो. व्याख्या वाचून विसरायला होते, पण अवतरणातला शब्द लक्षात राहतो. ज्यांना केवळ अर्थ हवा त्यांना हा कोश पसरट वाटेल. ज्यांना शब्दाची चाल हवी त्यांच्यासाठी मराठीत याच्या तोडीचे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

आता ‘अज्ञान’. हा शब्द सर्वांना माहीत आहे असे आपण धरून चालतो आणि म्हणूनच कोशात तो कोणी पाहत नाही. सातबारा उतारा नीट वाचणाऱ्यांना मात्र त्याचा एक अगदी वेगळा अर्थ ठाऊक असतो. जमिनीच्या खातेदाराचे निधन होऊन वारसांत लहान मूल असेल, तर भोगवटादाराच्या रकान्यात त्या मुलाच्या नावापुढे ‘अज्ञान’ असे लिहितात आणि ‘अ. पा. क.’ या तीन अक्षरांपुढे आईचे किंवा दुसऱ्या पालकाचे नाव येते. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अठरा वर्षांचे झाले की तलाठ्याकडे अर्ज करून तो शेरा कमी करून घ्यावा लागतो. हा शेरा वाचून मुलाला कमी लेखले असे कोणाला वाटत नाही, वाटण्याचे कारणही नाही. इथे अज्ञान म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अजून वयात न आलेला, आणि त्याच्या उलट सज्ञान. ‘नेणता’ या शब्दात वय आणि समज जशी एकत्र गुंफलेली आहे, तशीच ती या महसुली शब्दातही आहे. मराठीने कायद्याच्या कामासाठी ‘नाबालिग’ असा परका शब्द न घेता जाणण्याच्या धातूपासूनच सज्ञान-अज्ञान ही जोडी चालवली, आणि ती खेड्यापाड्यांत सर्वांना कळते.

अशा कार्यालयीन अर्थांसाठी या संकेतस्थळावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. हे कोश साहित्याच्या, बोलीच्या आणि व्यवहाराच्या शब्दांचे आहेत. कायद्याची आणि प्रशासनाची आजची परिभाषा पाहायची असेल तर १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडावेत. प्रत्येक कोशाचे काम वेगळे असते आणि एकाकडून दुसऱ्याचे काम मागितले की दोघांनाही नावे ठेवली जातात.

मोल्सवर्थ वाचताना सर्वांत मोठा लाभ होतो तो शब्दाच्या कुळाचा. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्तानी अशा उगमांसाठी त्याने रोमन अक्षरांच्या खुणा वापरल्या आहेत. त्या खुणा पाहत या शब्दकुळातून फिरले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अज्ञान हा संस्कृत ‘ज्ञा’ धातूपासून आला. अजाण आणि नेणता हे त्याच धातूच्या प्राकृत वाटेने आले. नादान हा फारसी शब्द. ‘ना’ म्हणजे नाही आणि ‘दान’ हे ‘जाणणे’ या अर्थाच्या फारसी धातूचे रूप. तो फारसी धातू आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे दोघे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. म्हणजे अज्ञान, अजाण, नेणता आणि नादान हे चार शब्द एकाच घरातून निघून तीन निरनिराळ्या रस्त्यांनी मराठीत येऊन पोहोचले, आणि येताना प्रत्येकाने वेगळा स्वभाव आणला. अज्ञान तटस्थ आहे. अजाण आणि नेणता यांच्यात कोवळेपणा आहे. नादान मात्र मराठी बोलण्यात पुष्कळदा कठोर होतो. हिंदीत लाडाने म्हटला जाणारा हा शब्द आपल्याकडे नालायकपणाकडे झुकतो. हिंदी गाण्यांवर वाढलेल्या पिढीने मराठी मजकुरात नादान लिहिताना हा फरक ध्यानात ठेवावा.

गाफील हा शब्द या कुळात बसवावा की नाही याचा मी थोडा विचार केला आणि बसवायचे ठरवले. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ माहिती नसणे असा नाही, भान नसणे असा आहे. गाफील माणसाला धोका ठाऊक असतो, त्या क्षणी त्याचे लक्ष नसते. गडावरचे लोक गाफील असताना छापा पडला असे आपण इतिहासात वाचतो, ते अज्ञानी होते म्हणून पडला असे वाचत नाही. ‘अनभिज्ञ’ आणखी वेगळा. अनभिज्ञ नुसते असता येत नाही, कशाबद्दल तरी असावे लागते. सर्जन संगीताबद्दल अनभिज्ञ असू शकतो आणि गवई शस्त्रक्रियेबद्दल. त्यामुळे दोघांचाही मान कमी होत नाही. ज्ञानाची विशिष्ट उणीव सांगायची असेल तेव्हा हा शब्द वापरावा, आणि माणसाच्या एकूण बुद्धीवर शेरा मारायचा नसेल तेव्हा तर अवश्य वापरावा. वझ्यांच्या शालेय कोशात अशा शब्दांचे अर्थ आटोपशीर मिळतात. शाळेसाठी केलेला कोश असल्याने त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवत नाही.

‘अडाणी’ या शब्दापाशी मला जास्त थांबायचे आहे. ‘आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय’ हे वाक्य महाराष्ट्रात ऐकले नाही असा माणूस विरळा. तहसीलच्या खिडकीपुढे, दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या पालकसभेत ते म्हटले जाते. म्हणणारी बाई कोणत्या जमिनीत कोणते बियाणे धरते, गाभण म्हशीला काय द्यायचे आणि काय नाही, आभाळ कोणत्या अंगाने भरून आले तर पाऊस पडतो, हे सगळे जाणून असते. तिला ठाऊक नसते ते अर्जाची भाषा आणि कागदावरची अक्षरे. अडाणी या एका शब्दात आपण शाळेत न जाणे, कसब नसणे आणि शहरी रीतभात नसणे अशा तीन गोष्टी कोंबल्या आणि त्या तिन्ही मिळून बुद्धी नसणे असे ठरवून टाकले. सर्वांत वाईट म्हणजे ज्यांच्यावर हा शब्द लादला त्यांनीही तो स्वतःसाठी स्वीकारला. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. त्यांना निरक्षर म्हणणे हे सत्यकथन आहे. अडाणी म्हणण्याची हिंमत त्या कविता वाचलेला कोणी करणार नाही.

इथे कोशांची एक मर्यादा उघड होते. कोश अर्थ सांगतो, पण हा शब्द कोण कोणाला म्हणते आणि त्याने काय दुखावते हे सांगत नाही. मोल्सवर्थच्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. त्याने आणि त्याच्या पंडितांनी ऐकलेली मराठी निष्ठेने टिपली, आणि त्या कामाच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ज्यांनी त्याला शब्द सांगितले ते बहुतांशी शिकलेल्या वर्गातले होते. न शिकलेल्यांसाठीचे शब्द शिकलेल्यांच्या तोंडून नोंदवले गेले, हे ध्यानात ठेवून त्या नोंदी वाचाव्यात.

‘अक्षरशत्रू’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. निरक्षर माणसाला आपण अक्षरांचा शत्रू म्हणतो. ज्याला पिढ्यान् पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्याच्यावरच अक्षरांशी वैर केल्याचा आरोप हा शब्द करतो. आता याच्या शेजारी सावित्रीबाई फुले यांची ‘अज्ञान’ ही कविता ठेवावी. १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहातल्या त्या कवितेत आपला एकच शत्रू आहे, त्याला सर्वांनी मिळून पिटून काढू, असे त्या सांगतात, आणि त्याचे नाव अज्ञान असल्याचे उघड करतात. शत्रुत्वाची दिशाच त्यांनी फिरवली. माणूस अक्षरांचा वैरी नाही, अज्ञान माणसाचे वैरी आहे. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली होती. मोल्सवर्थची ही आवृत्ती १८५७ मध्ये छापून निघाली. म्हणजे ज्या दशकात कोशाचे शेवटचे काम चालले होते त्याच दशकात या शब्दाला नवा अर्थ मिळत होता, आणि तो मिळत होता भिडेवाड्याच्या आसपास, कोशकारांच्या पंडितमंडळापासून दूर.

‘अविद्या’ या शब्दाच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे जाणवते. शास्त्रांत अविद्येचा अर्थ माहितीचा अभाव असा नाहीच. पतंजलींच्या योगसूत्रांत, जे अनित्य आहे त्याला नित्य मानणे, जे अशुद्ध आहे त्याला शुद्ध मानणे, दुःखाला सुख मानणे आणि जे आत्मा नव्हे त्याला आत्मा मानणे, अशी अविद्येची व्याख्या दिली आहे. म्हणजे ती ज्ञानाची रिकामी जागा नाही, चुकीच्या ज्ञानाने भरलेली जागा आहे. बौद्ध प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसे उपजते हे सांगणाऱ्या कारणसाखळीच्या, बारा कड्यांतली पहिली कडीही अविद्याच. वेदान्तात तर तिच्यावर सारा संसार उभा आहे. अशा या भारदस्त, मठांत आणि मंडपांत वावरणाऱ्या शब्दाला जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेताच्या बांधावर आणून उभे केले. विद्येविना मती गेली, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, आणि वित्ताविना शूद्र खचले. ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’. त्यांची अविद्या म्हणजे नाकारलेले शिक्षण. तिचे परिणाम कर्जाच्या रोख्यावर, गहाण पडलेल्या जमिनीत आणि उपाशी पोटात मोजता येतात. एका तत्त्वज्ञानाच्या शब्दाचा इतका थेट आणि इतका न्याय्य वापर मराठीत दुसऱ्या कोणी केला असेल असे मला वाटत नाही. १८५७ च्या कोशात हा अर्थ असणे शक्यच नव्हते. नंतरच्या कोणत्याही कोशात अविद्या पाहणाऱ्या विद्यार्थ्याने नोंद वाचून थांबू नये, असूडाची प्रस्तावना उघडावी, असे मी शिक्षकांना आग्रहाने सुचवीन.

शिकलेल्यांच्या अज्ञानासाठी मराठीकडे शब्द आहे आणि तो समर्थांच्या नावाशी जोडलेला आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे आहेत, आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची. दोन वेगळे समास करावेत इतका हा भेद त्यांना महत्त्वाचा वाटला. पुष्कळ वाचलेला, पुष्कळ ऐकलेला, ब्रह्मज्ञान बोलणारा, आणि तरीही दुराशा व अभिमान धरून राहिलेला तो पढतमूर्ख. मूर्खाला शिकवता येते. पढतमूर्खाला आपण शिकलो आहोत असे आधीच वाटत असते. ‘मूढ’ हा शब्दही इथे आठवतो, कारण तो आणि ‘मोह’ एकाच धातूचे आहेत: मूढ तो, ज्याला मोहाने भुलवले आहे. ज्ञानेश्वरांनी तर अज्ञानाचा विषय जितक्या बाजूंनी हाताळला तितका क्वचितच कोणी हाताळला असेल. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगून झाल्यावर ‘याहून जे वेगळे ते अज्ञान’ एवढेच अर्ध्या ओळीत म्हटले आहे. ज्ञानेश्वरीत त्या अर्ध्या ओळीवर ओव्यांमागून ओव्या येतात आणि अज्ञानी माणूस उठता-बसता कसा वागतो याची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. पुढे अमृतानुभवात अज्ञानाचे खंडन करणारे एक प्रकरण आहे, आणि त्याच्या पाठोपाठ ज्ञानाचे खंडन करणारेही एक आहे. दाते-कर्व्यांच्या अवतरणांचा माग काढत गेलेला वाचक या ग्रंथांपर्यंत आपसूक पोहोचतो, आणि माझ्या दृष्टीने या कोशाची हीच सर्वांत मोठी सेवा आहे.

शाळकरी शब्दांपैकी ‘ढ’चा उल्लेख करायला हवा. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पार बदलली, ढ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही त्या विद्यार्थ्याला ढ म्हणू लागले, असे सांगतात. अक्षराविषयीची गोष्ट खरी आहे. ती शब्दाची खरी व्युत्पत्ती आहे की मागाहून जोडलेली, हा वेगळा प्रश्न. मठ्ठ, ठोंब्या, टोणपा हे त्याच बाकावरचे. ते सारे मुलांच्या मनावर घाव घालणारे शब्द आहेत आणि वर्गात त्यांना जागा नसावी, याहून अधिक त्यांच्याविषयी लिहावेसे वाटत नाही.

एक मोठा भाग मात्र नामे आणि विशेषणे शोधत बसल्याने हातातून निसटतो. मराठी माणूस न जाणणे बहुधा क्रियापदाने सांगतो, आणि त्यात फार बारकावे आहेत. ‘मला गाडीची वेळ माहीत नाही’ यात माहिती नाही. ‘मला हे गणित कळत नाही’ यात आकलन नाही. ‘मला पोहता येत नाही’ यात कसब नाही. ‘मी त्यांना ओळखत नाही’ यात परिचय नाही. चौघांची जागा एकमेकांना देता येत नाही, आणि मराठी शिकणारा परभाषक नेमका इथे अडखळतो. बर्नसनबाईंचा कोश अशा शिकणाऱ्यांसाठीच आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या आणि तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या या विदुषीने मराठी स्वतः शिकून घेतली, त्यामुळे शिकणाऱ्याला नेमके काय हवे असते याची त्यांना जाण होती. परदेशातल्या मराठी शाळांमध्ये शिकवणाऱ्या पालकांनी मोल्सवर्थच्या आधी हा कोश उघडावा.

वापरण्याच्या काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. यांतले जुने कोश १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांच्या पूर्वीचे आहेत. त्यांत ‘नेणणे’ हे ‘नेणणें’ असे अनुस्वारासह असते आणि ‘अक्षरशत्रू’चा शेवट ऱ्हस्व उकाराने होतो. म्हणून आजचा पूर्ण शब्द जसाच्या तसा टाकण्याऐवजी त्याची सुरुवातीची दोन-तीन अक्षरे टाकून त्या अक्षरांनी सुरू होणारे सारे शब्द मागवावेत. ‘नेण’ एवढेच टाकले तरी सगळे कुटुंब एका पानावर येते, आणि शेजारचे शब्द वाचण्याचा लाभ वेगळा. दुसरी सूचना संपूर्ण मजकुरातल्या शोधाची. मोल्सवर्थच्या नोंदींत ‘इग्नोरन्ट’ हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाकून शोधले, तर ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आला आहे ते सर्व समोर येतात. महाराष्ट्र शब्दकोशात हेच ‘अज्ञानी’ किंवा ‘मूर्ख’ टाकून करावे. अर्थकोश मग पर्यायकोश होतो. छापील खंड हाताळून हे काम करायला आयुष्य पुरले नसते. अनुवादकांनी या सोयीसाठी तरी हे संकेतस्थळ जवळ ठेवावे.

संकेतस्थळाची भाषा इंग्रजी आहे, आणि मोल्सवर्थ, वझे, बर्नसन व तुळपुळे-फेल्डहाउस या चारही कोशांत अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत. केवळ मराठी जाणणाऱ्या वाचकाला म्हणून महाराष्ट्र शब्दकोशावाचून पर्याय उरत नाही. मोल्सवर्थची इंग्रजीही दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि आज ती वाचताना कधी कधी तिच्यासाठीच दुसरा कोश लागतो. महाराष्ट्र शब्दकोशातल्या संक्षेपांची यादी आधी वाचून ठेवावी; कोणती खूण ग्रंथाची, कोणती कोकण, गोवा किंवा वऱ्हाड या प्रदेशाची, हे ठाऊक नसेल तर नोंद अर्धीच समजते. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या कोशांच्या वयाच्या आणि हेतूच्या आहेत. ज्यांनी ते मोफत, शोधता येतील अशा रूपात जगभरच्या मराठी वाचकांसाठी खुले केले, त्यांच्याकडे त्यांचा दोष जात नाही.

ज्याला एकच कोश उघडायचा आहे त्याने दाते-कर्वे उघडावा. वेळ असेल त्याने एकच शब्द आधी तुळपुळे-फेल्डहाउस, मग मोल्सवर्थ, मग दाते-कर्वे या क्रमाने पाहावा, म्हणजे यादवकाळ, कंपनीचा काळ आणि विसावे शतक असे तीन थर एकाखाली एक दिसतात. मराठीच्या शिक्षकांनी आणि वृत्तपत्रांत काम करणाऱ्यांनी अज्ञानी, अशिक्षित, निरक्षर, अडाणी आणि अनभिज्ञ हे पाच शब्द या क्रमाने एकदा तरी वाचावेत, आणि पुढच्या वेळी एखाद्या गावाची किंवा बाईची बातमी लिहिताना त्यांतला कोणता शब्द खरा ठरतो ते पाहून मगच लिहावा.